जुना व्हिंटेज हेडफोन घ्यावा का? आणि घ्यायचाच तर तपासायचा कसा

जुना हेडफोन हातात आला की मी तो लगेच कानाला लावत नाही. आधी पॅड जरा बाजूला सारून आतल्या स्पंजवर बोट टेकवतो, आणि बोटाला काळा चिकट चुरा लागला की समजायचं, पुढचे दोन तास साफसफाईत गेले. हे शहाणपण पहिल्याच खरेदीत आलं. तेव्हा मी हौसेने तो तसाच डोक्यावर चढवला, तासभर गाणी ऐकली आणि नंतर आरशात बघतो तर दोन्ही कान काळेकुट्ट.

तर प्रश्न असा की हे जुने हेडफोन घेण्यासारखे असतात का. माझं म्हणणं, असतात, पण "कमी पैशात भारी आवाज" या आशेने घेणार असाल तर सरळ एखादा नवा चांगला हेडफोन घ्या आणि सुखात राहा. जुन्यात जो आवाज मिळतो तो वेगळा असतो, कधी फार गोड असतो, पण 'वरचढ' असेलच असं नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: जुना हेडफोन घेणं म्हणजे खरं तर दोन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे आतले छोटे स्पीकर, विकत घेणं. पॅड बदलता येतात, केबल बदलता येते, प्लग बदलता येतो, हेडबँड जुगाड करून उभा करता येतो, पण ड्रायव्हर गेला की खेळ संपला. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ठरवा, नक्की कुठल्या काळातला हवाय

विकणारे लोक १२ वर्षांपूर्वीच्या ब्लूटूथ हेडफोनलापण बिनधास्त 'व्हिंटेज' म्हणतात. तो व्हिंटेज नाही, नुसता जुना आहे, त्याची बॅटरी मेलेली असणार आणि तो घेऊन काही उपयोग नाही. जुन्या वायरलेसच्या वाटेला जाऊच नका.

तारवाल्यांत मात्र इतिहास भरपूर आहे. १९१० च्या सुमारास नॅथॅनियल बाल्डविनने अमेरिकन नौदलाला हाताने बनवलेले हेडफोन पुरवले, ते आज फक्त कपाटात ठेवण्याची वस्तू. १९३७ मध्ये बायरचा (आजची बायरडायनॅमिक कंपनी) डीटी ४८ आला, पहिला डायनॅमिक हेडफोन, म्हणजे आजच्या बहुतेक हेडफोनमध्ये जी मॅग्नेट आणि कॉइलवाली रचना असते तीच, आणि हा पठ्ठ्या सत्तरहून जास्त वर्षं बनत राहिला. पण तो आवाज बोलणं ऐकायला आणि मोजमापाला चांगला, गाण्यात बेस शोधत बसाल. १९५८ मध्ये कॉसचा एसपी/३ आला आणि घरी बसून स्टिरिओ ऐकायची पद्धत सुरू झाली.

खरी मजा १९६८ नंतर आहे. त्या वर्षी सेनहायझरने एचडी ४१४ काढला, मागून उघडा असलेला पहिला हेडफोन, तो पिवळ्या स्पंजचा, फोटोत तरी बघितला असेलच. त्याआधी सगळे कान झाकून बंद करणारे जड डबे होते. मग सत्तरच्या दशकात एकेजीचा के२४० सेक्सटेट आला, ज्यात मुख्य ड्रायव्हरभोवती सहा छोटे पॅसिव्ह पडदे (वीज न घेता नुसत्या हवेच्या दाबाने हलणारे) असतात, १९७६ मध्ये यामाहाचा एचपी-१ आला, डिझाइन मारिओ बेलिनीचं आणि आत ऑर्थोडायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पातळ सपाट पडद्यावरच कॉइल छापलेली. आज ज्याला प्लॅनर म्हणून मिरवतात तेच हे. स्टॅक्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे कॉइलऐवजी स्थिर विजेच्या जोरावर पडदा हलवणारे, तर १९६० पासून. पुढे १९८४ चा कॉस पोर्टा प्रो आणि १९८५ चा सोनी एमडीआर-व्ही६.

याच सत्तरच्या दशकात कपावर व्हॉल्यूमचे स्लायडर, मोनो-स्टिरिओचं बटण, मोठे चकचकीत कप, गुंडाळीची केबल असलेले ढिगाने हेडफोन निघाले. दिसायला एकदम झकास, पण खोलून बघाल तर त्यातल्या स्वस्तातल्यांमध्ये रेडिओत असतो तसला ८ ओहमचा कागदी स्पीकर बसवलेला असतो. आवाज डब्यातून आल्यासारखा. शोभेला ठेवायचा असेल तर घ्या, ऐकायला नको.

आता एक गोम सांगतो. पोर्टा प्रो आजही नवा मिळतो. व्ही६ बंद झाला पण त्याचा सख्खा भाऊ एमडीआर-७५०६ अजून विकला जातो. मग याच मॉडेलचा जुना, घामट पॅडचा पीस कशाला घ्यायचा? आठवणींसाठी घेत असाल तर माझं काही म्हणणं नाही. पण ७५०६ आणि व्ही६ या दोघांच्या नकला बाजारात भरपूर आहेत हेही ध्यानात असू द्या. जुना घेण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा ती रचना किंवा तो आवाज आज नव्यात मिळत नाही.

तुमच्याकडे वाजवायला काय आहे

ही पायरी लोक हमखास विसरतात आणि मग "जुन्याचा आवाज बारीक येतो" म्हणून रडतात. जुन्या चांगल्या हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विजेला होणारा अडथळा, जास्त असतो. के२४० सेक्सटेट ६०० ओहम, एचडी ४१४ चा गाजलेला प्रकार तर चक्क २००० ओहम. फोनचा किंवा छोट्या डोंगलचा आउटपुट साधारण १ व्होल्टच्या आसपास धरा. त्यावर ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात, ६०० ओहमवाल्याला जेमतेम १.७ आणि २००० ओहमवाल्याला अर्धा मिलिवॅट. हिशोब सोपा आहे, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम.

पण नुसत्या ओहमवरून घाबरू पण नका. अर्ध्या मिलिवॅटवर किती मोठा आवाज निघेल हे सेन्सिटिव्हिटीवर ठरतं. एचडी ४१४ त्या बाबतीत बराच उदार आहे, फोनवरसुद्धा ऐकण्याजोगा वाजतो, उलट के२४० सेक्सटेट भुकेला आहे, त्याला नीट अ‍ॅम्प लागतोच. म्हणून दोन्ही आकडे शोधा.

अजून एक मजेशीर गोष्ट. त्या काळच्या रिसिव्हर आणि अ‍ॅम्पमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट बऱ्याचदा नसायचंच, स्पीकरचाच आउटपुट एका मोठ्या रेझिस्टरमधून हेडफोनच्या सॉकेटला दिलेला असायचा. नंतर आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकातही १२० ओहमचा सोर्स (म्हणजे वाजवणाऱ्या उपकरणाचा आउटपुट) धरलेला आहे. म्हणजे हे जुने डायनॅमिक हेडफोन असल्या सॉकेटला लावून ऐकायचे म्हणूनच बनलेले. आजच्या जवळपास शून्य ओहम आउटपुटवाल्या अ‍ॅम्पवर त्यातले काही जरा सुके, बेस कमी असे वाटतात, आणि जुन्या रिसिव्हरवर लावले की एकदम भरदार होतात. घरात कुणाचा जुना रिसिव्हर पडला असेल तर टाकू नका.

इलेक्ट्रोस्टॅटिकचं प्रकरण वेगळंच. तो साध्या सॉकेटला लागतच नाही, त्याला त्याचा स्वतःचा एनर्जायझर, म्हणजे जास्त व्होल्ट पुरवणारा वेगळा डबा, हवा. स्टॅक्समध्ये जुन्यांना २३० व्होल्टचा नॉर्मल बायस (पडद्याला सतत दिलेला व्होल्टेज) आणि ६ पिनांचा प्लग, नंतरच्यांना ५८० व्होल्टचा प्रो बायस आणि ५ पिना. ५ पिनवाला ६ पिनच्या सॉकेटात बसतो पण नीट ताकदीने वाजत नाही, उलटं बसतच नाही. नुसता हेडफोन स्वस्तात दिसला म्हणून उड्या मारू नका, डबा कुठून आणणार ते आधी बघा. काही डबे अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला जोडायचे असतात, तिथे आजचे ब्रिज प्रकारचे क्लास डी अ‍ॅम्प लावायच्या आधी दहा वेळा विचार करा, कारण त्यात निगेटिव्ह टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतो आणि डब्यात दोन्ही निगेटिव्ह एकत्र जोडलेले असतील तर अ‍ॅम्प जळू शकतो. आणि आत शेकडो व्होल्ट खेळत असतात, तो डबा खोलून बोटं घालायची नाहीत, बंद केल्यावर लगेच तर नाहीच नाही.

विकणाऱ्याला काय विचारायचं

"चालू आहे का" हा प्रश्न बेकार आहे, उत्तर कायम "हो"च येतं. विचारा, दोन्ही बाजू सारख्या मोठ्या वाजतात का. खालच्या स्वरांना कुठे खरखर येते का. कधी खोललाय का, सोल्डर केलाय का. आणि "अनटेस्टेड" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मी "टेस्ट केला, वाजला नाही" असा लावतो. दहातल्या एखाद्यावर अन्याय होत असेल, होऊ दे. बंद आहे असं समजून जेवढे पैसे द्याल तेवढेच अशा पीसला द्यायचे.

फोटो मागवताना समोरून छान दिसणारे नकोत. पॅड काढून ड्रायव्हरसमोरच्या स्पंजचा, केबल कपात शिरते तिथला, प्लगचा, आणि हेडबँड दोन्ही बाजूंनी पूर्ण ओढून लांब केलेला, हे चार हवेत. क्रॅक जवळजवळ नेहमी स्लायडरच्या जागी किंवा कप लटकतो त्या काट्याला असते. प्लगचा फोटो यासाठी की त्या काळच्या युरोपियन हेडफोनना बऱ्याचदा डिन (जर्मन मानकाचा) प्लग असतो, तो तुमच्या कुठल्याच सॉकेटात जाणार नाही. त्याला अ‍ॅडॉप्टर शोधावा लागतो नाहीतर प्लग कापून ६.३५ मिमीचा लावावा लागतो. जमत असेल तर कापू नका, मूळ केबल तशीच ठेवा, विकताना कामी येते.

हातात आल्यावरची तपासणी

समोर जाऊन घेत असाल तर सोबत एक मल्टिमीटर, एक अ‍ॅडॉप्टर आणि फोनमध्ये टोन वाजवणारं अ‍ॅप एवढं न्या. लोक बघतील विचित्र नजरेने, बघू देत.

पहिलं मल्टिमीटर. स्टिरिओ प्लगचं टोक म्हणजे डावा, मधली रिंग उजवा, आणि मागचा भाग ग्राउंड. टोक आणि ग्राउंड मोजा, मग रिंग आणि ग्राउंड. आकडा छापील इम्पिडन्सपेक्षा थोडा कमी यायला हवा, ६०० च्या जागी साडेपाचशे वगैरे आला तर काळजी नको, पण दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ हव्यात, साधारण ५ टक्क्यांत. एका बाजूला काहीच दाखवत नसेल तर केबल तुटलीय किंवा कॉइल. इथे केबल कपाशी हलवून बघा, आकडा उड्या मारायला लागला तर आनंद माना, कारण केबल बदलता येते. केबल सुटी होणारी असेल, एचडी ४१४ सारखी, तर ती काढून कपाच्या पिनांवर थेट मोजा, म्हणजे विषयच मिटला. मीटर लावताना कान जवळ न्या, चांगल्या ड्रायव्हरमधून बारीकशी "टक" येते. कपावर व्हॉल्यूमचे स्लायडर असतील तर आधी ते फुल करा नाहीतर आकडे भलतेच येतील.

दुसरं, टोन. आवाज अगदी कमी ठेवून २० पासून ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत जा. हेल्दी ड्रायव्हर गुळगुळीत गुणगुणतो. कुठे "झर्रर्र" झालं की थांबा, त्या जागी पुढेमागे करून बघा. ही झर्रर्र ऐकून घाबरून परत करू नका लगेच, कारण सगळ्यात कॉमन कारण म्हणजे डायफ्रॅमवर, ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्यावर, पडलेला केस! खरंच, एक केस. दुसरं कारण म्हणजे तो विरघळलेला स्पंज, त्याचे कण आत पडलेले. दोन्ही साफ होतात. पण साफ केल्यावरही तसंच होत असेल तर कॉइल मॅग्नेटला घासतेय किंवा सुटलीय, त्याला उपाय नाही. विकणारा खोलू देत नसेल तर झर्रर्र असलेला पीस बंद समजूनच भाव करा.

तिसरं, मोनो आवाज. कुणाचं तरी नुसतं बोलणं लावा, मोनो करून, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. आवाज बरोब्बर डोक्याच्या मध्यभागी यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा नाहीतर सोर्सचा, दुसरा हेडफोन लावून खात्री करा. झुकाव त्याच कानाला राहिला तर, सॉरी, दोष तुमच्या कानाचा. माझा एक कान असाच जरा मंद निघाला आणि मी त्याआधी दोन चांगले हेडफोन उगाच नाकारले होते.

आवाज मध्यभागी न येता डोक्याच्या बाहेर पसरट, पोकळ वाटत असेल आणि बेस गायब असेल तर एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्यात. आधीच्या मालकाने दुरुस्ती केल्याची ही खूण. दहा मिनिटांचं काम आहे, पण भाव कमी करायला उत्तम मुद्दा.

इलेक्ट्रेट नावाचा प्रकार दिसला तर जपून. त्यात पडद्यावर किंवा प्लेटवर कायमचा चार्ज भरलेला असतो असं म्हणतात, पण हा 'कायमचा' इतक्या वर्षांनी उतरत जातो आणि दोन्ही बाजूंचा सारखा उतरत नाही. एक बाजू मंद झालेली असेल तर घरी काही करता येत नाही. उलट इलेक्ट्रोस्टॅटिक कानावर दाबला की कुरकुर किंवा पचक असा आवाज आला तर तो नॉर्मल आहे, हवेच्या दाबाने पातळ पडदा हलतो, त्यावरून नाकारू नका.

मॅग्नेट जुना झाला, ताकद गेली असेल असं बरेच जण म्हणतात. नीट ठेवलेल्या हेडफोनमध्ये ही भीती बहुतेक फुकाची. स्पंज मात्र नक्की जातो. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातं, कुणी वापरलं नाही आणि डब्यात सील ठेवलं तरी जातं. त्यामुळे "अगदी नवा, कधी वापरलाच नाही" याने हुरळून जाऊ नका, तोसुद्धा खोलून बघायचाच.

हिशोब

हेडफोनची किंमत म्हणजे नुसती मागितलेली किंमत नाही. त्यात पॅड, केबल किंवा अ‍ॅडॉप्टर, आणि लागत असेल तर अ‍ॅम्प धरा. बेरीज एखाद्या चांगल्या नव्या हेडफोनच्या वर गेली तर स्वतःला विचारा की मी हे का करतोय. उत्तर "मला हाच हवाय" असेल तर घ्या. उत्तर "स्वस्त पडतोय" असेल तर बेरीज परत करा.

पॅडवर जरा जास्त लक्ष द्या. पॅड म्हणजे फक्त कानाला गादी नाही, ड्रायव्हर कानापासून किती लांब राहतो आणि कडेने हवा किती गळते हे पॅड ठरवतो, म्हणजे अर्धा आवाज तिथेच ठरतो. बसलेल्या चपट्या पॅडवर ऐकून "हा कर्कश आहे" असं मत बनवू नका, आणि कुठलाही जाड मऊ पॅड चढवून "मूळ आवाज" ऐकतोय असंही समजू नका. घेण्याआधी त्या मॉडेलचे योग्य मापाचे आणि तशाच मटेरियलचे पॅड मिळतात का ते शोधा. नसतील मिळत तर मी सोडून देतो, ड्रायव्हर कितीही चांगला असो.

साफसफाई आणि छोटी दुरुस्ती

विरघळलेला स्पंज आधी कोरडाच काढायचा, लाकडी काडीने खरवडून, कप उलटा धरून म्हणजे चुरा खाली पडतो, ड्रायव्हरमध्ये जात नाही. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेल्या कापसाने. पारदर्शक प्लॅस्टिकला आणि छापील अक्षरांना अल्कोहोल लावू नका, प्लॅस्टिकला तडे जातात आणि अक्षरं पुसली जातात, तिथे साबणाचं पाणी पुरे. ड्रायव्हरवरचा केस चिमट्याने उचला, डायफ्रॅमला टोक लागू न देता, आणि फुंकर, व्हॅक्यूम, कॉम्प्रेस्ड हवेचा कॅन यातलं काहीही वापरू नका. एकदा डायफ्रॅमचा घुमट आत दबला की तो पहिल्यासारखा होईलच असं नाही. काढलेल्या स्पंजच्या जागी तेवढ्याच जाडीचा नवा लावा. ड्रायव्हरच्या मागे फेल्ट किंवा कागदाची चकती असेल तर तिला हात लावू नका, ती आवाजाचा भाग आहे, फेकायची वस्तू नाही.

स्लायडर आणि बटणं खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब आणि वीसेक वेळा मागेपुढे. स्प्रे थेट कपात मारायचा नाही.

केबल बदलताना दोन गोष्टी. जुन्या केबलमधल्या बारीक तारांना बऱ्याचदा इनॅमलचा थर असतो, तो घालवल्याशिवाय सोल्डर धरतच नाही आणि आपण उगाच तापवत बसतो. आणि ड्रायव्हरचे टर्मिनल प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात, तिथून कॉइलकडे केसाहून बारीक तार जाते, त्यामुळे सोल्डरचा टाका दोन-तीन सेकंदांत मारून बाजूला व्हायचं. हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या मेलेल्या हेडफोनवर सराव करा, माझ्याकडे त्यासाठी एक खास मेलेला आहे, तो बिचारा सुरुवातीला मीच मारला होता. एकेजीचा आपोआप बसणारा हेडबँड ढिला पडला असेल तर आतलं इलॅस्टिक गेलंय, साधं गोल इलॅस्टिक गाठ मारून बसवलं तरी चालतं.

हे सगळं वाचून पण पहिल्यांदाच घेणार असाल तर मी म्हणेन एचडी ४१४ पासून सुरुवात करा. केबल सुटी होते, स्पंज बाहेरच असतो आणि हाताने बदलता येतो, आत बिघडायला फारसं काही नाही, आणि इतके खपलेत की घाई करायची गरज नाही, एक सुटला तर दुसरा दिसतोच. बेस कमी आहे त्याला, आधीच सांगतो. पण नवा पिवळा स्पंज चढवून एखादं जुनं गाणं लावलं आणि गायकाचा आवाज समोर येऊन उभा राहिला की बेसचं कुणाला आठवतंय.